फूटनोट कोण वाचतंय लगा

काल सांजच्याला सांगलीत आयर्विन पुलाच्या अलीकडं नेहमीच्या कट्ट्यावर भडंगाचा पुडा फुटला आणि सुन्यानं रडगाणं सुरू केलं. रस्त्यात गेलेल्या दोन गुंठ्यांची भरपाई मागायला गेलेला, घटनेचं कलम ३००अ सांगितलं की कायद्याच्या आधाराशिवाय जमीन घेता येत नाही, तर ऑफिसातला बाबू म्हणाला घटना नका सांगू, जीआर दावा.

अण्णा रिटायर अव्वल कारकून, बाबूचीच बाजू घेणार. "आरं प्रत्येकानं आपल्या टेबलावर घटनेचा अर्थ लावला तर या टेबलावर एक कायदा, शेजारच्यावर दुसरा. वरनं कागद आल्याबिगर त्यानं हलूच नये." मला हे निम्मं पटलं, खोटं कशाला बोलू.

पक्या वकील (कोर्टात कमी, कट्ट्यावर जास्त) उसळलाच. म्हणाला आयटी ॲक्टचं ६६अ बघा, नेटवर आक्षेपार्ह काय लिहिलं तर तुरुंग असलं कलम, २०१२ ला पालघरच्या दोन पोरींना एका फेसबुक पोस्टवरनं अटक झालेली, त्यात हेच लावलेलं, २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते अख्खं कलमच उडवलं, तरी ठाण्याठाण्यात गुन्हे दाखल व्हायचे काय थांबेनात. २०२१ ला मॅटर परत कोर्टात, केंद्राचे वकील, ॲटर्नी जनरल वेणुगोपाल म्हणाले पुस्तकात कलम अजून छापलेलं आहे, रद्द झाल्याचं फक्त खाली फूटनोटमध्ये. आणि समोर बसलेले कोण, तर तो २०१५ चा निकाल ज्यांनी लिहिला तेच न्यायमूर्ती नरिमन! शेवटी ऑक्टोबर २०२२ ला परत आदेश काढायला लागला की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका.

"मग चूक छापणाऱ्याची," अण्णा. "रात्रपाळीचा अंमलदार बारीक टाइप वाचत बसणार व्हय?"

"अण्णा, घटनेचं १४४ काय म्हणतंय..." पक्या. १४४ ऐकल्यावर सुन्या पुडा आवरायला लागला, त्याला वाटलं जमावबंदी लागली. ती सीआरपीसीतली, म्हंजे फौजदारी कामकाजाच्या जुन्या कायद्यातली रं बाबा, आणि ती पण २०२४ पासनं नव्या कायद्यात १६३ झाली. घटनेतलं १४४ म्हणजे सगळ्या सरकारी यंत्रणेनं सुप्रीम कोर्टाला साथ द्यायची. हे आमच्यातल्या चौघांना माहीत नव्हतं, मला धरून.

अण्णा गप्प. भडंगातला लसूण शोधत बसले. मग हळूच सुन्याला म्हणाले, "सोमवारी अर्ज दे, पोचेवर आवकचा शिक्का घे. आणि नाही म्हणाला तर म्हणावं, नकार लेखी द्या. लेखी म्हटल्यावर जीआर कसा गावतोय बघ."