सोलरचं कर्ज आणि व्हॉट्सॲपची वकिली

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज चार ग्रुपवरून माझ्याकडे आला. चौथ्यांदा तो पाठवणारा माझा शहाद्याचा भाचा. खाली त्याने स्वतःची ओळ जोडली होती : "मामा, तुमच्या बँकवाल्यांची पोलखोल."

मेसेज लांबलचक आहे, अर्धा तर लाल ठिपके आणि जोडलेले हात. मुद्दे काढले तर एवढेच उरतात : सोलर कंपनी आणि बँकेची मिलीभगत असते, दर सेटमागे बँकेला कमिशन मिळतं. कर्जाची हमी कंपनीने घेतलेली असते, म्हणून सेट बंद पडला की हप्ताही बंद करायचा, बँक काहीच करू शकत नाही. हप्ता थकला की बँक जमिनीचा लिलाव करते. सरकार नव्वद टक्के फुकट देत असताना कर्ज काढणारा वेडा. पॅनेल पाच वर्षांत भंगारात जातं. आणि असली कर्जं आजवर कुठेच फिटलेली नाहीत.

बँक काहीच करू शकत नाही आणि बँक जमीन लिलावात काढते, ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजात चार ओळींच्या अंतरावर आहेत. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी एकालाही ते खटकलं नाही.

मी बँकेत शेती अधिकारी होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि वरच्या शाखांत नोकरीची बरीच वर्षं गेली. बँकेची बाजू घेतो असं कोणाला वाटलं तर वाटू द्या, फक्त आकडे स्वतः करून बघा.

आधी कमिशन. बँकेला सोलरमध्ये रस असतो तो मार्चअखेरच्या आकड्यापायी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने व्यापारी बँकेला आपल्या कर्जाचे ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला (शेती, छोटे उद्योग वगैरे) द्यावे लागतात, त्यात शेतीचे १८. कमी पडले तर तेवढी रक्कम नाबार्ड या शेतीसाठीच्या राष्ट्रीय बँकेकडच्या निधीत कमी व्याजावर अडकून पडते. अक्षय ऊर्जा २०१५ पासून या यादीत आहे, घरासाठी माणशी १० लाखांपर्यंत. शेतकऱ्याच्या स्वतंत्र सौर पंपाचं कर्ज २०२० पासून शेतीत धरलं जातं. पण वीस हजारांच्या कर्जासाठी साहेबाने धडगावच्या डोंगरात चार फेऱ्या मारल्या तर व्याज डिझेलमध्येच संपतं. म्हणून कंपनीशी करार. कंपनीचा माणूस अर्ज आणतो, सेट बसवतो, पावती आणि फोटो देतो. पैसे ग्राहकाच्या हातात न पडता थेट कंपनीच्या खात्यात जातात, त्यामुळे दिव्याचं कर्ज लग्नात खर्च होत नाही. याला मिलीभगत म्हणायचं तर ट्रॅक्टरचं प्रत्येक कर्ज मिलीभगत आहे.

लुबाडणूक होते ती दुसऱ्या जागी, आणि तिच्याबद्दल मेसेजात एक अक्षर नाही. २०,००० रुपये, तीन वर्षं, ११ टक्के. घटत्या शिलकीवर व्याज धरलं तर हप्ता ६५५ च्या आसपास बसतो आणि तीन वर्षांचं व्याज साधारण ३,६०० होतं. हेच ११ टक्के कोणी "फ्लॅट", म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, म्हणून सांगितले तर व्याज ६,६०० आणि हप्ता ७३९. बोलताना दोन्हीकडे "अकराच टक्के भाऊ". १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ मुदती कर्जाला बँकेने की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यायचा असतो. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो एक आकडा वाचायचा. एजंटने "नंतर देतो" म्हटलं तर सहीही नंतर.

आता हमी. मेसेजातला हा सगळ्यात घातक मुद्दा, कारण तो अर्धा खरा आहे. काही करारांत कंपनी बँकेकडे ठेव ठेवते किंवा बुडीत कर्जाचा काही भाग सोसायचं कबूल करते. पण ती हमी बँकेसाठी असते, कर्जदारासाठी नव्हे. वॉरंटीचा कागद तुमच्यात आणि कंपनीत. कर्जाचा कागद तुमच्यात आणि बँकेत. दिवा विझला म्हणून दुसरा कागद विझत नाही. हप्ता थकला की तो क्रेडिट माहिती कंपन्यांकडे जातो, आणि २०२५ च्या सुरुवातीपासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला जाते. मग जूनमध्ये पीककर्जासाठी गेलात की सिबिल निघतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तर आपल्या राज्यात व्याज शून्यावर येतं. साडेसहाशेच्या हप्त्यावर रुसून हे पणाला लावायचा सल्ला देणाऱ्याची स्वतःची शेती नसावी, किंवा दुसऱ्याच्या नावावर असावी.

भांडायचं असेल तर हप्ता भरत भांडा. कंपनीला लेखी तक्रार, तिची प्रत शाखेला, पोच घेऊन. तरी हललं नाही तर कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. बँकेनेच चूक केली असेल आणि बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फोन १४४४८.

जमिनीच्या लिलावाची भीती आपल्याकडे सोसायटीच्या १०१ च्या, म्हणजे सहकार कायद्यातल्या त्या कलमाच्या, नोटिशीतून आली आहे. ती सहकारी वसुलीची वाट. बँका ज्या सरफेसी कायद्याने कोर्टाबाहेर मालमत्ता ताब्यात घेतात, तो शेतजमिनीला लागू नाही आणि एक लाखापर्यंतच्या कर्जालाही नाही. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला १ जानेवारी २०२५ पासून तारणच मागायचं नाही. घरगुती दिव्यांच्या कर्जाला बहुतेक वेळा तो सेटच तारण असतो. बँक कोर्टात जाऊ शकते, हे खरं. पण वीस हजारांच्या दिव्यापायी सातबारा जातो हे चित्र खोटं आहे.

"सरकार फुकट देतं" हे पंपापुरतं बरंचसं खरं, आणि तिथे मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यावर साडेसात. जो पात्र आहे त्याने आधी तिथे अर्ज करावा, बँकेत नंतर. पण रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. बोअरचं पाणी शेकडो फूट खाली गेलंय, तिथे एकराच्या हिशेबाने मिळालेला पंप पुरत नाही. आणि पाड्यावरच्या घराला पंप नकोच आहे. तिथे हवेत तीन दिवे आणि मोबाईल चार्जिंग. बचत गटाला हवी पीठगिरणी, दुकानदाराला छोटा फ्रीज. पीएम सूर्यघरचं ७८,००० पर्यंतचं अनुदान तिथे कामाचं नाही, ती योजना ग्रीडला जोडलेल्या छपरासाठी आहे. जिथे तारच नीट पोचलेली नाही, तिथे कर्ज हाच बहुतेकांचा रस्ता उरतो.

पॅनेल पाच वर्षांत भंगार? पॅनेलला पंचवीस वर्षांची वॉरंटी असते. मरते ती बॅटरी. शिशाची असेल तर तीन ते पाच वर्षं, तीही डिस्टिल्ड वॉटर वेळेवर टाकलं तर. हँडपंपाचं पाणी टाकून मारलेल्या बॅटऱ्या मी मोजायच्या सोडून दिल्या. म्हणून कर्जाची मुदत बॅटरीच्या आयुष्यापेक्षा लांब नको. ज्या शाखेने पाच वर्षांचं कर्ज दिलं, तिचा कर्जदार शेवटची दोन वर्षं मेलेल्या बॅटरीचा हप्ता भरतो. एवढं एक वाक्य मेसेजात असतं तर मी तो पुढे पाठवला असता.

राहिलं "कुठेच फिटत नाहीत". कर्नाटकात १९९५ साली हरीश हांडे आणि सहकाऱ्यांनी सेल्को सुरू केली, ती उभीच राहिली ग्रामीण बँकांना दिव्याचं कर्ज द्यायला पटवून. २०११ मध्ये हांडे यांना मॅगसेसे मिळाला. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट बँकेबरोबर दक्षिणेत अशीच योजना चालवली. व्याजातली सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली, तरी कर्जं सुरू राहिली. लखनौच्या आर्यावर्त ग्रामीण बँकेला याच कामासाठी २००८ चा ॲशडेन हा ऊर्जाक्षेत्रातला ब्रिटिश पुरस्कार मिळाला. तिथली माणसं आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हती.

आमच्याकडे मात्र एक शाखा या कर्जांत चांगलीच अडकली, आणि मी तिथेच होतो. हप्ता महिन्याला ठेवला होता, संगणकात तसाच बसतो म्हणून. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात, दारं काट्यांनी बंद. डिसेंबरात खाती थकली, फेब्रुवारीत वरून पत्र आलं. कोणी बुडवलं नव्हतं, घरी कोणी नव्हतंच. पुढच्या खेपेला आम्ही वर्षाला दोन हप्ते केले : एक होळीला, कारण माणूस कुठेही असला तरी होळीला घरी येतो आणि ऊसतोडीचा हिशेब खिशात असतो, दुसरा आमचुराचे पैसे आल्यावर. वसुली सुधारली. कंपनी तीच, बँक तीच, माणसंही तीच.

त्याच पाड्यावर अकरा सेट होते. पावसाळ्यानंतर सात बंद. कंपनीचा मेकॅनिक नाशिकला राहायचा, फोनवर "या आठवड्यात येतो" म्हणायचा. दीड महिन्याने आला तेव्हा मी बरोबर गेलो. पहिल्या घरात कंट्रोलरचं, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या डबीचं, झाकण काढलं तर आत फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. मूळ फ्यूज उडाला होता. तो पाच-दहा रुपयांचा तुकडा आठवडे बाजारातही मिळत नव्हता, म्हणून घरच्या पोराने डोकं चालवलं. चांदी वितळली नाही, कंट्रोलर जळला. पाच घरांत हाच प्रकार. त्या दीड महिन्यात सातांपैकी कोणी हप्ता भरला नाही, आणि खरं सांगतो, मला त्यांच्याकडे मागायला तोंड नव्हतं.

नंतरच्या करारात आम्ही दोन ओळी घातल्या. कंपनीच्या पैशातले दहा टक्के सहा महिने रोखून ठेवायचे, आणि गावातलाच एक पोरगा शिकवून त्याच्याकडे फ्यूज, वायर, एक जादा कंट्रोलर ठेवायचा. कंपनी कुरकुरली, पण सही केली. पुढे माझी बदली झाली. नव्या साहेबाने त्या ओळी ठेवल्या की काढल्या, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "मामा, हप्ता चालू शे, दिवा बंद शे." तेव्हा कळलं, मेसेज त्याने नुसता फॉरवर्ड केला नव्हता. मळ्यातल्या घरचा त्याचा सेट महिनाभर बंद आहे आणि या महिन्याचा हप्ता भरायचा की नाही, हे त्याला विचारायचं होतं. म्हटलं, हप्ता भर, आणि आधी कंट्रोलरचं झाकण उघडून मला फोटो पाठव. फोटो आला. फ्यूज जागेवर होता, जळालेला. तक्रार अर्ज आम्ही दोघांनी फोनवरच लिहिला, शाखेची पोच त्याने काल घेतली.