तेरा आकड्यांचे सात हजार

आज सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातली एक अंगणवाडीतली ताई गोष्टी लिहिते. भातलावणीच्या, रानातल्या गव्यांच्या, मलप्रभेच्या पुराच्या. आज हरखून घरी आली. "सर, पुस्तकाला नंबर मिळाला बघा! सात हजार भरले. भिशीचे होते." मोबाईलवर आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, तेरा आकडे दाखवले. या नंबरासाठी सरकार एक पैसाही घेत नाही, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना.

खरंच एक पैसा नाही. दिल्लीला राजा राममोहन रॉय यांच्या नावाची आयएसबीएन एजन्सी आहे, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली. २०१६ पासून अर्ज ऑनलाइन भरता येतो. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही भरता येतो. ओळखपत्र, मुखपृष्ठ, पुस्तकाची माहिती. बस्स.

मला एवढं लागलं, कारण २००९ साली मीही अशाच नंबरासाठी एका प्रकाशकाला तीन हजार मोजले होते. आईच्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक. ती चुलीपुढं बसून म्हणायची आणि मी चाळीस पानी वहीत उतरवून घ्यायचो. वहीवर अजून तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे आहेत. "नंबर नसला तर उद्या कुणीही ओव्या चोरेल, कायदा तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही," असं मला सांगितलं गेलं. मी घाबरलो. साफ खोटं होतं ते. लेखकाचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं मिळतो, लिहिलं त्याच क्षणी. हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. नंबराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. नंबर म्हणजे पुस्तकाची ओळख, दुकानदाराला आणि ग्रंथालयाला नेमकं पुस्तक सापडावं म्हणून.

मी गणिताचा मास्तर. नंबर हातात आल्यावर पावतीच्या मागं पेन्सिलीनं ताळा करून पाहिला. आकड्यांना आळीपाळीनं एक आणि तीननं गुणायचं, बेरीज करायची, दहानं नि:शेष भाग जायला हवा. गेला. नंबर खरा होता. मी निर्धास्त झालो. पण सुरुवातीचा ९७८ हा पुस्तकांचा, पुढचा ८१ किंवा ९३ भारताचा आणि त्यापुढचे आकडे प्रकाशकाचे असतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या आईच्या ओव्यांवर ते आकडे त्या माणसाचे होते. पुढं दुसरी आवृत्ती काढायला निघालो तेव्हा कळलं, जगाच्या नोंदीत पुस्तकाचा प्रकाशक तो. आमच्या घराचं नाव कुठंच नाही.

मान्य आहे, चांगले प्रकाशकही आहेत. मुद्रितशोधन करतात, मांडणी करतात, पुस्तक गावोगाव पोचवतात. त्याचे पैसे जरूर घ्या. नंबरही पुस्तकाबरोबर द्या. पण फुकटच्या नंबराचे सात हजार? आणि तेही अंगणवाडीच्या मानधनातून भिशी भरणाऱ्या बाईकडून?

अर्ज इंग्रजीत आहे, एखादा कागद कमी पडला तर परत येतो, हेही खरं. माझा दोनदा परत आला. २०१९ ला दुसऱ्या आवृत्तीसाठी मी स्वतः बसलो. भाषेच्या रकान्यात मराठी निवडलं, राज्याच्या रकान्यात कर्नाटक. प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव, पत्ता आमच्या गावाचा. दोन्ही रकान्यांकडे बघत मी बराच वेळ बसून राहिलो. १९५६ पासून आपण सीमाभागातले लोक महाराष्ट्रात जाण्यासाठी झगडतोय, ते काही अर्ज भरून मिळत नाही, ठाऊक आहे मला. पण या गावात मराठी पुस्तक निघालं, एवढी नोंद तरी आपल्या हातची आहे की!

१९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पुस्तकाची प्रत पाठवायची असते. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही. मी पोस्टात पाकिटं दिली तेव्हा कारकुनानं विचारलं, "कोलकत्याला काय पाठवतायसा सर?" म्हटलं, आईला.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. आपल्या गावागावांत साहित्य संमेलनं भरतात, लोकवर्गणीतून मांडव उभे राहतात. कविसंमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, सगळं होऊ दे. पण मांडवाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून नव्या लेखकांना हा अर्ज भरून द्यायला कुणी बसायला नको? बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. त्या परंपरेतले आपण, आणि आपल्याच लेकीबाळी असल्या माणसांना पैसे मोजतायत. चीड येते.

ताईचं पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही, तेवढं बरं झालं. सात हजार परत मागायला मी तिच्याबरोबर जाणार आहे. आणि रविवारी दुपारी ती लॅपटॉप मागून आणणार आहे, माझ्या पडवीत बसून नवा अर्ज भरायचा. प्रकाशकाच्या रकान्यात तिचं नाव, तिनं स्वतः टाईप केलेलं. आणखी कुणाला यायचं असेल तर ओळखपत्र आणि मुखपृष्ठ घेऊन या. चहा आहे.