निळा धागा

मागच्या दिवाळीनंतर कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकात उभा होतो. कापसाचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडरनं ढिगात हात खुपसला आणि खताच्या पोत्याचा निळा धागा बाहेर ओढला. वीतभर लांब. तेवढ्यावर भाव तुटला. मी खूप भांडलो. घरी आलो तर बायको म्हणाली, "वेचायला पोती आपणच दिली होती ना?"

त्या रात्री झोप लागली नाही. तो धागा जिनिंगमध्ये फाटतो, सरकी काढलेल्या रुईत मिसळतो, सुतात जातो. त्याला रंग चढत नाही, कापडावर डाग दिसतो. म्हणून गिरणीवाला जिनिंगवाल्याचे पैसे कापतो, जिनिंगवाला आपले कापतो. आणि आपण वेचाईचा दर ताणून धरतो. ओलाव्याचं तसंच. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, वर कापते, १२ च्या पुढे घेतच नाही. दव पडलेलं बोंड सकाळी सहाला वेचलं तर दुसरं काय होणार?

आपल्या विदर्भाला कापूस नवा नाही. इंग्रजांच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वे टाकली ती कापसासाठीच. रुई इथून गेली, कापड बाहेर झालं. पुलगावची गिरणीही बंद पडली. आता अमरावतीजवळ नांदगावपेठला वस्त्रोद्योग पार्क होतोय, २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण माझं स्पष्ट मत आहे, तिथल्या कारखान्याला आपल्या वावरातली रुई डागाळलेली मिळाली तर तो ती बाहेरून आणेल. पार्क विदर्भात आणि कापूस दुसऱ्याचा!

जिनिंगवाले, ग्रामपंचायत आणि बचत गटाच्या बाया एका सतरंजीवर बसल्याशिवाय हे सुटणार नाही. जिनिंगनं सुती ओट्या, म्हणजे वेचताना कमरेला बांधायच्या झोळ्या, आणि चादरी द्याव्यात, बचत गटाकडूनच शिवून घ्याव्यात. पंचायतीनं हंगामापुरतं समाजमंदिर कापूस सुकवायला उघडावं. स्वच्छ कापसाला क्विंटलमागे किती जास्त मिळणार, हे फाटकावर नाही, वेचणीआधी कागदावर ठरावं. त्यातला वाटा वेचणाऱ्या बाईच्या हातात पडलाच पाहिजे. तिनं ऊन चढेपर्यंत थांबायचं तर तिची मजुरी बुडते, हे आपण कधी मोजतच नाही.

गावानं व्यापाऱ्याशी बरोबरीनं बोलणं अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहावं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू कुणाला, कितीला द्यायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. व्यापार थांबला नाही, फक्त अटी गावात लिहिल्या गेल्या. आपल्याकडे जंगल नाही, पण पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आहे, आणि ती तर आपल्याच सातबाऱ्यावर आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय मांडतोय. सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, आधी ओट्या शिवून व्हायला हव्यात. ज्यांच्याशी भांडलो होतो त्या जिनिंगवाल्यांना काल फोन केला. येतो म्हणालेत. वेचणीला जाणाऱ्या सगळ्या बायांनी मात्र पुढच्या रांगेत बसावं, दर त्यांच्यासमोरच ठरेल.