सहाशे तासांची भाषा

“संवाद शिकायला जर्मनीला? त्यापेक्षा रविवार कारंजावर दोन तास उभी राहिली असतीस तर फुकटात शिकली असतीस,” असं नाशिकच्या सिडकोतले काका मला दर भेटीत ऐकवतात.

मी शिकले ते विआद्रिना विद्यापीठात, फ्रँकफर्टला. विमानतळवालं फ्रँकफर्ट नव्हे. हे पोलंडच्या हद्दीवरचं, ओडर नदीकाठचं. विद्यापीठ मूळचं १५०६ चं, १८११ मध्ये बंद पडलेलं. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९१ मध्ये ते पुन्हा उघडलं, जर्मन आणि पोलिश मुलांनी एका वर्गात बसावं म्हणून. पूल ओलांडला की पोलंडमधलं स्वुबित्से. १९४५ पर्यंत तो काठही फ्रँकफर्टचाच भाग होता, मग सीमा नदीवरून गेली. गोदावरीपलीकडची पंचवटी रातोरात दुसऱ्या देशात गेली असं समजा.

विषय आंतरसांस्कृतिक संवाद. त्याचा पाया घातला अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी, परदेशी निघालेल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना शिकवता शिकवता. समोरच्याच्या किती जवळ उभं राहायचं, पाहुण्याला किती ताटकळत ठेवायचं, असं न बोलता बोललेलं सगळं त्यांनी अभ्यासाला घेतलं. ते मला मनापासून आवडलं. आपलं ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’, हे जर्मन वर्गमैत्रिणीला पटवताना माझी अर्धी दुपार गेली होती.

पुढे डच संशोधक हॉफस्टेडे आले. आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्या, त्यावरून प्रत्येक देशाला गुण. वरचा आणि खालचा यांच्यातलं अंतर लोक किती मुकाट्याने मान्य करतात, यात भारत ७७, जर्मनी ३५. तो ७७ चा आकडा बघून मला सटाण्याची आजी आठवली. ती अहिराणी बोलायची. मी शाळेत एकदा “कथा जाई राहिना?”, म्हणजे ‘कुठे चाललास?’, असं बोलून गेले तर अख्खा वर्ग खिदळला, बाईसुद्धा. त्यानंतर आजी शाळेत न्यायला आली की मी चार पावलं पुढे चालायचे. आजी, मी आणि त्या बाई, तिघी ७७.

हे सगळं आता उगाळायचं कारण घरचे व्हॉट्सॲप ग्रुप. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासननिर्णय निघाला, जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, आणि तेव्हापासून ‘मराठी बोल’ म्हणत कुणाला तरी धमकावतानाचे व्हिडिओ मला थांबून थांबून येतात. सक्तीला विरोध झाला तो बरोबरच होता, माझा त्यात एक आवाज धरा. पण ‘जर्मनीत जर्मन शिकावीच लागते, मग इथे का नको?’ हा सवाल घरचे माझ्या नावावर खपवतात, तेव्हा राहवत नाही.

शिकावी लागते, खरं आहे. एका कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी स्वतःला इंग्रजी येत असूनही माझ्याशी जर्मनच लावून धरली होती. मी चुकीचा फॉर्म भरून आले आणि रस्त्यात रडले. पण २००५ पासून त्या देशाने नव्याने येणाऱ्यांसाठी भाषेचे ६०० तास आणि देशाची ओळख करून देणारे आणखी काही तास ठेवलेत, २०१६ पासून ते १०० आहेत. खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. संध्याकाळचेही वर्ग असतात, काही ठिकाणी मुलं सांभाळायची सोय असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बिहारमधून आलेल्या पोराला पाळी सुटल्यावर मराठीचे सहाशे सोडा, साठ तास द्या असं आमच्या ग्रुपवर कुणी म्हटलेलं नाही. मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या वाटेवर. घरी बसून शिकणाऱ्यांसाठीच तर ते १९८९ मध्ये उभं राहिलं.

जर्मनीची आरती मात्र करणार नाही. स्वुबित्सेतला न्हावी, सिगारेटवाला, पेट्रोलपंपावरचा पोरगा, सगळे फाडफाड जर्मन बोलतात. पलीकडून स्वस्ताईसाठी येणाऱ्या जर्मनांचं पोलिश ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’पाशी संपतं. ज्याच्या खिशात पैसा, त्याने शिकायचं नाही. ऑक्टोबर २०२३ पासून पुलावर पुन्हा तपासणी सुरू झाली. बसमधल्या चाळीस जणांत पासपोर्ट मागितला गेला तो माझा आणि एका सीरियन मुलाचा.

डिसेंबरात नाशिकला आले होते. आईबरोबर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेले. तो जौनपूरचा, दहा वर्षं इथे.

“भैया, मेथी कैसी दी?”

“वीसला जुडी, मावशी. आजच आलीये, सकाळची.”

“पंद्रह में दो ना.”

“नाही परवडत हो.”

घरी येऊन मी आईला म्हटलं, तो मराठी बोलत होता आणि तू हिंदी. आई चपापली. “अगं, त्याला कळायला नको?” त्याच संध्याकाळी तिने ‘मराठी बोलाल तरच महाराष्ट्रात राहाल’ असं काहीतरी ग्रुपवर पुढे पाठवलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडून कबूल करून घेतलं, आज मराठीच. तिने कोथिंबीर मराठीत मागितली, टोमॅटो मराठीत निवडले. शंभरची नोट पुढे केली.

“सुट्टे नाहीत मावशी, उद्या द्या,” तो म्हणाला.

“ठीक है भैया,” आई म्हणाली, “कल पक्का.”