मागच्याचीच चूक? एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'मागून ठोकणाऱ्याचीच नेहमी चूक असते' असं लिहून मी सगळं खापर मागच्याच्या माथी फोडलं. उजव्या लेनमध्ये साठच्या स्पीडनं रमतगमत जाणारे, कारण नसताना ब्रेक मारणारे आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या यांना मोकळं सोडलं. 'अंतर ठेवा' हा सल्ला आपल्याकडे पाळताच येत नाही, कारण अंतर ठेवलं की मध्ये कुणीतरी घुसतोच. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, 'तुम्ही स्वतः कधी गाडी चालवता का?'

चालवतो. महिन्यातून दोनदा तरी पुणे-मुंबई, आणि गावी जायचं म्हणजे ऊसपट्ट्यातून रात्रीचा प्रवास.

आधी माझी चूक. 'नेहमीच' हा शब्द मी लिहायला नको होता. वाहन चालवण्याच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांमध्ये (ते २०१७ पर्यंत लागू होते) दोन नियम एकापाठोपाठ यायचे. तेविसावा सांगायचा की पुढची गाडी अचानक हळू झाली किंवा थांबली तरी धडक होणार नाही इतकं अंतर मागच्यानं ठेवावं. चोविसावा सांगायचा की सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय कुणीही एकदम ब्रेक मारू नये. मी पहिला नियम सांगितला आणि दुसरा गिळला.

दुसऱ्याचं वजन किती, ते कोइम्बतूरच्या एका दाव्यात दिसतं. जानेवारी २०१७ मध्ये तिथे एका कारचालकानं रस्त्यात अचानक ब्रेक मारला. मागून मोटरसायकलवर येणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागच्या बसचं चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय काढावा लागला. गर्भवती बायकोला उलटीसारखं झालं म्हणून थांबलो, असं कारचालकाचं म्हणणं होतं. अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या दावा न्यायाधिकरणानं कारवाल्याला पूर्ण सोडलं आणि दोष विद्यार्थी २० टक्के, बस ८० टक्के असा वाटला. उच्च न्यायालयानं कारवर ४० टक्के दोष टाकला, बस आणि विद्यार्थ्यावर ३०-३०. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कार ५०, बस ३० आणि विद्यार्थी २० टक्के असा निकाल दिला. हायवेवर इशारा न देता मध्येच थांबणं हेच अपघाताचं मूळ, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. एकच अपघात, तीन ठिकाणी तीन वाटण्या. त्यातल्या पहिल्या ठिकाणी मी बसलो असतो तर मीही कारवाल्याला सोडून दिलं असतं, हे लिहिताना बरं वाटत नाही.

पण विद्यार्थ्याचे २० टक्के कुणी काढून टाकले नाहीत. लायसन्स नव्हतं हे एक कारण, आणि पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं हे दुसरं. २०१८ च्या एका निकालात तर सर्वोच्च न्यायालयानं तेविसावा नियम पुढे ठेवून मागच्या कारचालकालाच जबाबदार धरलं. पुढच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला, असं तिथेही सांगण्यात आलं होतं. कार आणि ट्रकमधलं अंतर होतं दहा-पंधरा फूट. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण ५५ फूट जाते, म्हणजे पंधरा फूट पाव सेकंदात संपतात. तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवरून उचलूनही होत नाही.

आता तुमचा सगळ्यात जोरकस मुद्दा: अंतर ठेवलं की कुणीतरी घुसतो. खरं आहे, घुसतो. मी अनेक वर्षं याच कारणासाठी पुढच्याला चिकटून चालवायचो. मग एकदा बसून हिशेब केला. पुढच्या गाडीच्या मागे अर्धा सेकंद राहिलो काय आणि तीन सेकंद राहिलो काय, दोघांचा वेग तोच. मी पनवेलला पोहोचणार फक्त अडीच सेकंद उशिरा. मध्ये कुणी घुसला तर पुन्हा अंतर मोकळं करायला आणखी दोन-तीन सेकंद. अख्ख्या एक्सप्रेसवेवर वीस जण घुसले तरी एक मिनिट. टोलनाक्यावर पुढच्याचा फास्टॅग एकदा वाचला गेला नाही, तर याहून जास्त वेळ जातो आणि तिथे आपण निमूट उभे राहतो. चिकटून चालवण्यानं वेळ वाचतच नाही, हे मला चाळिशीत कळलं. (अंतर मोजायला मी रस्त्याकडेचा एखादा खांब धरतो. पुढची गाडी खांबाशी आली की मनात सावकाश 'गणपती बाप्पा मोरया' म्हणायचं. ते पूर्ण व्हायच्या आत आपण खांबाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत.)

मग घुसलेल्याचा इतका संताप का येतो? तो आपली जागा घेतो असं वाटतं, म्हणून. या संतापाबद्दल मी मूळ लेखात लिहायला हवं होतं ते आता लिहितो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याकडे येताना कामशेतचा बोगदा सोडला आणि मागे एक मोठी गाडी चिकटली. मी मधल्या लेनमध्ये, नव्वदच्या आसपास. आरशात तिची नंबरप्लेट दिसत नव्हती, हेडलाइटही दिसत नव्हते, फक्त बोनेट आणि काच. तो डिपर मारतोय हे मला माझ्या आरशाच्या चौकटीवर उजेड थरथरला म्हणून कळत होतं. उजवी लेन मोकळी होती, तरी तो मलाच हटवायला बघत होता. मागच्या सीटवर आई झोपलेली. आणि मी त्याला धडा शिकवायला मुद्दाम ब्रेक मारला. त्याच्या गाडीचं नाक खाली दबलेलं आरशात दिसलं, ती डावीकडे हेलकावली, तिथे दुधाचा टेम्पो होता. टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबून धरला. त्याच क्षणी आईची स्टीलची पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत आली आणि माझ्या टाचेला लागून ब्रेकच्या पेडलखाली अडकली. पाय पुन्हा दाबला तर पेडल अर्ध्यावर थांबलं. मी बाटली टाचेनं मागे ढकलली, उर्से टोलनाक्यापर्यंत डाव्या लेननं आलो, बाजूला गाडी लावली आणि पाच मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. आईनं विचारलं, 'काय रे, पोहोचलो का?'

हे तुम्हाला सांगतोय, कारण ब्रेक मारताना माझ्या मनात नेमकं काय होतं ते मला आठवतं. 'ठोकलं तर चूक त्याचीच ठरेल.' मागच्याचीच चूक असते हा जो नियम मी लेखात छातीठोकपणे लिहिला, त्याच्याच जोरावर मी ब्रेक मारला होता. म्हणून तुमचा आक्षेप मला इतका लागला. दोष कुणाचा ठरेल हे आधीच ठाऊक असलं की माणूस धडक टाळायच्या ऐवजी धडकेच्या तयारीत बसतो.

रस्त्यावरचा राग किती लांब जातो याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळात गाडीवरून झालेल्या वादात एका ६५ वर्षांच्या गृहस्थाला मारहाण झाली आणि ते गेले. आरोपी होते नवज्योतसिंग सिद्धू. २०१८ मध्ये एक हजार रुपये दंड झाला, तो फेरविचारात बदलून मे २०२२ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. वाद मिनिटांचा, त्या घरातल्या लोकांनी निकालाची वाट पाहिली तेहतीस वर्षं.

उजव्या लेनमध्ये ठाण मांडणाऱ्यांबद्दल मला वेगळं काही म्हणायचं नाही, तुमचं बरोबर आहे. फक्त बंपरला चिकटून तो बाजूला होत नाही. घाबरला तर ब्रेक मारतो, चिडला तरी ब्रेकच मारतो. दोनदा डिपर द्यावा आणि थांबावं.

ट्रॉलीचा मुद्दा मात्र तुमचा पूर्ण मान्य. गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर आलेला, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला किंवा वाढ्यांखाली (उसाच्या शेंड्यांखाली) झाकलेला. समोरून गाड्या येत असल्या की आपले हेडलाइट खाली ठेवावे लागतात आणि उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरच पुढे पडतो. ताशी ऐंशीनं चाललेली गाडी थांबायला साठ-सत्तर मीटर लागतात. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. तिथे मागच्याला एकट्याला दोषी धरणं अन्यायाचं आहे. ट्रॉली भरून देणारा, ती गव्हाणीवर (ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर) रिकामी करून तशीच परत पाठवणारा कारखाना, ती रोज बघणारी यंत्रणा, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. रेडियमची पट्टी काही शे रुपयांत येते. आणि तरीही त्या रस्त्यावर रात्री मी साठच्या वर जात नाही, कारण पट्टी लावणं माझ्या हातात नाही.

रस्त्याचा दोष असतो हेही मान्य. एक्सप्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली. त्यानंतर कठडे दुरुस्त झाले, धोक्याच्या जागा शोधून बंदोबस्त झाला, कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांकडे लक्ष दिलं गेलं, मदत लवकर पोहोचू लागली, आणि काही वर्षांत आकडा निम्म्याच्या खाली आला. त्या काळात चालवणारे आपणच होतो, तसेच होतो. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर वर्षानुवर्षं तसेच अपघात घडत असतील, तर दर वेळी फक्त ड्रायव्हरच वाईट निघाला असं मी म्हणणार नाही.

मागचा आपल्याला चिकटला तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं होतं. मी आता पुढचं अंतर वाढवतो. मग मला एकदम ब्रेक मारावा लागत नाही, हळूहळू दाबता येतो, आणि माझे दिवे बघून मागच्यालाही वेळ मिळतो. जागा मिळाली की डावीकडे होतो आणि त्याला जाऊ देतो. बाटली आता दाराच्या खणात असते.

मूळ लेखातून 'नेहमीच' काढला आहे. ट्रॉलीबद्दल तुम्ही लिहिलेला परिच्छेद तुमच्या शब्दांत लेखाखाली जोडायची इच्छा आहे. चालेल का, तेवढं कळवा.