हा लाल कुठला?

साड्यांच्या दुकानात मी लाल रंग एकच मानतो आणि त्यावरून चाळीस वर्षं बोलणी खातो. त्यामुळे जावयाने मला वेल्समधल्या एका चर्चमागच्या दफनभूमीत, ऑक्टोबरच्या ओल्या गवतात गुडघ्यांवर बसवून "बाबा, हा लाल कुठला?" असं विचारलं, तेव्हा मी आधी हिच्याकडे बघितलं. ही बाकावर थर्मास उघडत होती.

समोर नखाएवढी लालभडक कुत्र्याची छत्री. आपल्याकडे पोराने असल्या छत्रीला हात लावला की चापट बसते. इथे जावईबापू तिच्यापुढे लोटांगण घालून पडलेले. नाव वॅक्सकॅप. छत्रीखाली साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या, पण जाड, विरळ, मेणाच्या वाटाव्यात अशा. नांगर फिरला, खत पडलं की ही उगवत नाही. म्हणून शोधायची जुन्या कुरणांत, नाहीतर कबरींमध्ये. मेलेल्यांना कोण युरिया टाकतो?

"आता हिला ओठ लावा. बोटं ओली असली की कळत नाही. तेलकट लागली तर स्कार्लेट जातीची, कोरडी खरखरीत लागली तर व्हर्मिलियन. फक्त लावायचे हं, चाखायची नाही."

अडुसष्टाव्या वर्षी मी परक्याच्या कबरीपाशी भूछत्राला ओठ लावले आणि नेमकी तेव्हाच एक आजीबाई फुलं घेऊन आली. "लव्हली," म्हणाली आणि लांबून वळसा घालून गेली.

"कोरडी," मी म्हणालो.

चिमटीत दाबून पाहिली. काळी पडली नाही, म्हणजे काळवंडणारी जात बाद.

"मग व्हर्मिलियन!" मी उठायला लागलो.

"किंवा गार्लिक. दोघी जुळ्या बहिणीच. गार्लिकला बंद डबीत ठेवलं की लसणाचा वास येतो. नाहीच आला तर घरी मायक्रोस्कोपखाली बीजाणू बघू. डबी आहे?"

मायक्रोस्कोपच्या धास्तीने मी पिशवीतली स्टीलची डबी काढली, रुमालाने पुसली आणि दिली.

चहा झाला, अर्धा तास गेला. डबी उघडली आणि असा वास सुटला म्हणता! जावयाने फोटो काढले, वहीत तारीख घातली, मला चक्क मिठी मारली. मीही दोनदा हुंगलं. अगदी आपला गावरान लसूण.

हिने कप खाली ठेवला, डबी हातात घेतली, उलटसुलट बघितली.

"अहो, यातली चटणी कुणी संपवली?"