खुलासा: नोआचे गणवेशधारी अधिकारी सैनिक नाहीत

'अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या शास्त्रज्ञांना आता सैनिक केलंय, नौदलाचा गणवेश आणि लष्करी पेन्शन दिलंय' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

हे अधिकारी 'नोआ कोअर'चे, म्हणजे 'नोआ' या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेच्या गणवेशधारी सेवेचे. अमेरिकेत गणवेशधारी सेवा ८ आहेत, त्यातल्या ६ सशस्त्र. नोआ कोअर त्या सहांत मोडत नाही. ती वाणिज्य खात्याखाली येते. गणवेश नौदलासारखा, हुद्देही तेच, पण हातात शस्त्र नाही. शिपाईवर्ग नाहीच, सगळे अधिकारी. भरतीला विज्ञान, गणित किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते.

गणवेशही 'आता' मिळालेला नाही. २२ मे १९१७ ला, पहिल्या महायुद्धात, किनारा सर्वेक्षण करणाऱ्यांना, म्हणजे याच सेवेच्या पूर्वसुरींना, हुद्दे दिले गेले. नकाशे काढताना साध्या कपड्यातला माणूस शत्रूच्या हाती लागला, तर हेर म्हणून मारला जाण्याची भीती होती. गणवेशात असला तर युद्धकैदी ठरतो. म्हणजे अंगावरचा तो कोट मुळात जीव वाचवायला आला, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पेन्शनचं म्हणाल, तर १ जानेवारी २०१८ पासूनची नवी निवृत्ती योजना सगळ्याच गणवेशधारी सेवांना लागू झाली. त्यामुळे कुणी सैनिक होत नाही.

आणीबाणीत राष्ट्राध्यक्ष या अधिकाऱ्यांना सशस्त्र दलांत पाठवू शकतात, एवढं मात्र खरं. एरवी हीच माणसं 'केरमिट' आणि 'मिस पिगी' नावाची विमानं थेट चक्रीवादळात घालतात, नळीतून उपकरणं खाली सोडतात आणि वाऱ्याचा वेग, दाब टिपून आणतात.